बंद डब्यातला आवाज

प्रिय मुंगी,

पाकिटावरचं कोंबडीच्या पायांसारखं अक्षर बघून ओळखलंच असशील, ही वटवट. फोनवर तासभर बोलणारी बाई पत्र का लिहायला बसली, असं तुला वाटेल. मेसेज चार वेळा लिहिला आणि चारही वेळा पुसला. बोलायला गेले तर विषय बदलायची माझी सवय तुला माहीत आहे. कागदावर एकदा लिहिलं की निदान खोडलेलं तरी दिसतं.

मंगळवारी औषधांच्या दुकानात तुझा धाकटा भाऊ भेटला. दाढी वाढलेली, हातात काकूंच्या औषधांची चिठ्ठी. काकूंना दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात हलवलंय आणि डॉक्टर आता आठवड्यांची नाही, दिवसांची भाषा बोलतायत, हे त्याच्याकडून कळलं. तू दोनदा वॉर्डाच्या दारापर्यंत आलीस आणि नर्सच्या हातात पिशवी देऊन परत गेलीस, हेही त्याने सांगितलं. काकूंनी विचारलं कोण आलं होतं, तेव्हा तो म्हणाला, शेजारच्या. एका घरात राहिलेल्या मायलेकी तीन वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत आणि मी मधे निरोप्या झालोय, असं तो चिडून म्हणाला. मी मान हलवली आणि माझी खोकल्याची बाटली न घेताच घरी आले.

तेव्हापासून डोळ्यांसमोर तुझे बाबा, आपले काका येतात. तेवीस वर्षं बसस्टँडवर गाड्यांच्या घोषणा केलेला माणूस, आणि आपल्या त्या अंध प्रवाशांच्या ॲपसाठी बोलताना पहिल्या दिवशी चक्क घाबरले होते. ऑफिसच्या कागदांच्या कोठीत आपण भिंतींना जुन्या रजया टांगल्या होत्या. पंखा बंद. काका कोमट पाण्याचा घोट घ्यायचे, शर्टाची कॉलर नीट करायचे (माईकला काय दिसणार होतं, देव जाणे) आणि सुरू करायचे: पुढचा थांबा आला, उतरताना डाव्या हाताला पायरी आहे, सावकाश. ते ‘सावकाश’ ऐकलं की माझाच पाय जपून पडायचा. एकदा मधेच काकूंचा फोन आला आणि ते म्हणाले, हो गं, निघालोच, तू जेवून घे. तो तुकडा तू कापला नाहीस. काकूंना ते कळल्यावर त्या लाजल्या होत्या, आठवतं?

पुढे कंपनीने यंत्राचा आवाज घेतला आणि काकांचा प्रकल्प बाजूला पडला. सगळं रेकॉर्डिंग ऑफिसच्या सामायिक मशीनवर तसंच राहिलं, त्याच्या कंटेनरमध्ये. आपण त्यांना डबेच म्हणायचो. एकेका कामाचा एकेक बंद डबा, एकातलं दुसऱ्यात सांडायला नको म्हणून. ते डबे सांभाळायचं पानही तूच बसवलंस. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचे म्हटलं की माझी पाचावर धारण बसायची, म्हणून तू म्हणालीस, घे बाई, ब्राउझर उघड, यादी बघ. हिरवा ठिपका म्हणजे डबा चालू, करडा म्हणजे बंद. वर कोपऱ्यात मशीन निवडायचं, स्वतःचा लॅपटॉप किंवा सामायिक मशीन. सामायिक मशीन निवडलं की पानावर लाल पट्टी यायची, ती तू मुद्दाम टाकली होतीस, कोणी चुकून भलतीकडे बटण दाबू नये म्हणून. इतकी काळजी घेणारी तू, आणि लॉगिन मात्र सगळ्यांना मिळून एकच, पासवर्ड फळ्यावर लिहिलेला. तेवढं एक तुझ्याकडून राहून गेलं.

काका गेल्यावर पंधरा दिवसांनी तू कामावर आलीस आणि पहिल्यांदा तो डबा बंद केलास. चालू दिसला की वाटतं आत बसून बोलतायत, असं म्हणालीस. काकू रोज विचारायच्या, ते ‘तू जेवून घे’ माझ्या फोनवर टाकून दे ना. तू म्हणायचीस, टाकते आई, या रविवारी नक्की. तुला ते उघडून ऐकायचा धीर होत नव्हता, आणि न ऐकता ते शोधणार कसं? मला हे कळत होतं. काकूंना कळत नव्हतं. त्यांना वाटायचं, लेक टाळतेय.

मग तो दिवस. शेवटी हिय्या करून तू पान उघडलंस, तर यादीत डबाही नाही आणि त्याचा साठा, म्हणजे आतलं रेकॉर्डिंगही नाही. पानाच्या नोंदवहीत पुसल्याची नऊ दिवसांपूर्वीची तारीख, आणि करणाऱ्याच्या जागी तेच सगळ्यांचं नाव. त्या तारखेला तूही पान उघडलं होतंस, नुसती तो करडा ठिपका बघायला. साहेबांसमोर, सगळ्यांसमोर तू म्हणालीस, मी रडत होते, काहीतरी दाबलं गेलं असणार, माझ्याच हातून गेलं. डेटा परत मिळवणारा माणूस आठवडाभर खपला आणि हात हलवत गेला. घरी तू काकूंनाही तेच सांगितलंस. आणि त्या, नातेवाईक बसलेले असताना, म्हणाल्या की तूच त्यांना दुसऱ्यांदा मारलंस. त्यानंतर तू ते घर सोडलंस. मी तुझं सामान उचलायला आले होते. टेम्पोत तुझ्या शेजारी बसून मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत होते, आणि तू म्हणत होतीस, तू होतीस म्हणून निभावलं.

मुंगे, ते बटण मी दाबलं होतं.

जेवणानंतरची वेळ होती. माझ्या लॅपटॉपची डिस्क भरली होती, काहीच चालेना. मी पान उघडलं, बंद पडलेले डबे आणि कोणाला न जोडलेला साठा, सगळं एकदम साफ करायचं बटण दाबलं. खात्री आहे का, असं विचारत यादी आली. ती मी वाचली नाही, आपण कोणी वाचतो का? एकतीस जीबी जागा मोकळी झाली असं पान म्हणालं, आणि लॅपटॉप मात्र जागा नाही म्हणून तसाच रडत राहिला. तेव्हा वर कोपऱ्यात बघितलं. सामायिक मशीन. लाल पट्टी नव्हती, कारण डोळ्यांना खुपते म्हणून मी माझ्या ब्राउझरमध्ये ती महिनाभर आधीच काढून टाकली होती. नोंदवही उघडली तर पुसलेल्यांत तूच ठेवलेलं नाव होतं, ‘काका-आवाज’. तू समोरच्या टेबलावर बसून सफरचंद कापत होतीस. मी मनात म्हटलं, हिच्याकडे घरी प्रत असणारच. मग म्हटलं, उद्या सांगू. नऊ दिवस मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. आणि तो डेटावाला जाताना जिन्यात मला काय म्हणाला, ते तुला कधीच सांगितलं नाही. म्हणाला, त्याच दिवशी मशीन बंद केलं असतं तर बहुतेक सगळं परत मिळालं असतं, पण नंतरच्या कामांनी त्या जागेवर लिहून टाकलं. म्हणजे बटणाने अर्धंच गेलं होतं, बाकीचं माझ्या गप्प बसण्याने गेलं. तू गुन्हा कबूल केलास तेव्हा मला काय वाटलं, तेही लिहिते, कारण आता अर्धं सांगून काय उपयोग. मला सुटल्यासारखं वाटलं. त्या दिवशी मी घरी जाऊन पोटभर जेवले.

तुझी माफी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. माफी मागितली की तू ती द्यायचा विचार करत बसशील आणि तेवढा वेळ आता नाहीये. हे पत्र काकूंसाठी आहे. मी स्वतः काल गेले होते गं, पण त्यांना झोप लागली होती, आणि खरं सांगायचं तर त्या जाग्या असत्या तरी मी फळांचीच चौकशी करून आले असते, इतकी मी भित्री आहे. तू जा. हे हातात पडलं की आजच जा, दारातून परत फिरू नकोस. त्यांच्या कॉटशेजारी बस आणि ‘ते बटण मी दाबलं होतं’ इथपासून त्यांना मोठ्याने वाचून दाखव. त्यांना हल्ली उजव्या कानाने नीट ऐकू येतं, असं धाकटा म्हणाला, तेव्हा त्या बाजूला बस. डबा, साठा, मशीन त्यांना कळणार नाही, नाही कळलं तरी चालेल. एवढंच कळू दे की त्यांच्या लेकीने काही पुसलं नव्हतं. माझं पूर्ण नाव सांग, कुठे राहते ते सांग, काय शिव्या द्यायच्या त्या मला देऊ दे. पण जाताना त्यांचा राग तुझ्यावर असता कामा नये.

तुझीच म्हणायचा हक्क उरला असेल तर तुझीच,
वटवट