विंचवाचा मंत्र कुणाला दिला

आबा,

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि मला आत्ता तुमच्याशी बोलायची घाई सुटलीय. एका जागी बसवत नाही. इथं जर्मनीत, कोलोनला मी शनिवारी एका हॉलची साफसफाई करते. रविवारी तिथं वीसेक म्हातारी माणसं जमतात. भिंतीवर क्रूस, त्याच्या मधोमध गुलाब. चर्च म्हणावं तर पाद्री नाही. त्यातल्या एका आजीबाई किल्ली घेऊन येतात आणि मी फरशी पुसेपर्यंत बोलत बसतात. त्यांनीच सांगितलं. चारशे वर्षांपूर्वी याच देशात बारकी बारकी पुस्तकं छापून आली, की येशूला मानणारे काही गुप्त बंधू आहेत, ते आजाऱ्याला बरं करतात, पैसा घेत नाहीत, आणि मरायच्या आधी प्रत्येकानं आपल्या जागी एक माणूस तयार करायचा. लोकांनी खूप शोधलं. एकही बंधू सापडला नाही. ही रविवारची माणसं त्यांचंच नाव चालवतात.

माझा फडका हातातच राहिला. हे तर तुमचंच की! विंचू उतरवायला बोलावणं आलं की भरल्या ताटावरून उठायचात, त्या घरचा चहासुद्धा घ्यायचा नाहीत. आणि तो मंत्र मला द्यायचा दिवस आठवतो. सूर्यग्रहण लागलंय, आपण दोघं नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभे, तुम्ही मंत्र देताय आणि मी म्हणतेय, "अजून किती वेळ? गार लागतंय." निम्म्यातच बाहेर आले. तुम्ही एवढंच म्हणालात, "जा. दवाखाने झालेत आता." पुढचं ग्रहण यायच्या आत तुम्ही गेलात.

आजीबाईंना मी फाडकन विचारलं, "मग मधल्या काळात कुणी कुणाला दिलं?"

"कुणीच नाही," त्या हसल्या. "शंभरेक वर्षांपूर्वी काही जणांनी जुनी पुस्तकं वाचून पुन्हा सुरू केलं."

असं कसं पुन्हा सुरू होतं? तुटलं ते तुटलं. मला रागच आला. त्या रागात मी तुमचं विंचू उतरवणं, ग्रहणात मंत्र देणं सांगून टाकलं. त्यांनी विचारलं, "आणि वडिलांनी कुणाला दिला मंत्र?"

मी म्हणाले, "मला."

त्यांनी लगेच बोलावणंच केलं, आता उद्या मला त्या सगळ्यांपुढं हे बोलायचंय. खुर्च्या मांडायच्या मीच आणि पाहुणीही मीच. लेक जर्मनमध्येच म्हणते, "खरं सांग, विषय संपव." तिचं काय जातंय. पण सांगीन, नाही दिला, मीच पाण्यातून पळाले. हा कागद कुठं जायचा नाही, म्हणून तुम्हाला एवढं सांगते. "मला" म्हणाले तेव्हा आजीबाईंनी माझा ओला हात दोन्ही हातांत धरला, आणि मी तो सोडवून घेतला नाही.