कमरेचं शिसं

१२ नोव्हेंबर

दुशिम,

तू बरी असशील. तुझ्या कोबीला यंदा कीड कमी आहे, हे कुंपणावरून दिसतंच. नव्या दाताचं काय झालं ते मात्र कळत नाही, कारण गेले चार दिवस तू माझ्यासमोर तोंड उघडलेलं नाहीस. आमच्याकडे सगळं ठीक. संत्री उतरवायला घेतली आहेत. आपल्या दोन घरांमध्ये फक्त कमरेएवढी दगडी भिंत असताना पत्र लिहितेय, कारण समोर आले तर आधी चार शिव्या घालीन आणि सांगायचं ते राहून जाईल.

तर शिव्यांपासूनच सुरू करते. मार्चमध्ये उपचार संपवून मी पुन्हा शंखांसाठी बुड्या मारायला किनाऱ्यावर आले तेव्हा चौदा किलोंनी वाढले होते. लोकांना वाटतं कॅन्सरमध्ये माणूस वाळतो. मी फुगले. सलाईनबरोबर जे औषध द्यायचे त्याने अशी भूक लागायची, की शेजारच्या खाटेवरच्या बाईचं ताट ओढावंसं वाटे. वर रोजची ती गोळी, पाच वर्षं घ्यायची. माझा रबरी सूट मांडीच्या वर सरकेना, म्हणून तुझ्या जावेचा मागून घातला. खाली जायला कमरपट्ट्यात बांधतो त्या नेहमीच्या शिशाने मी बुडेना. चरबी तरंगते, हे मला तोवर फक्त ऐकून माहीत होतं. पाण्यावर हातपाय मारत राहिले आणि तुम्ही सगळ्या बघत होतात.

नंतर शेकोटीपाशी तू, आपल्या पाणबुड्या बायकांच्या गटाची प्रमुख, काय म्हणालीस आठवतं?

"मालसून, यंदा तू म्हातारींच्या पाण्यात जा. तिथे बुडी मारावी लागत नाही, नुसतं वाकलं तरी शंख मिळतात."

सगळ्या हसल्या. ऐंशीच्या बायकांसाठी राखलेलं उथळ पाणी, आणि मी एकसष्टची. चाळीस वर्षं तुझ्या शेजारी खोल पाण्यात उतरले, धूर येत नाही त्या मानाच्या बाजूला तुझ्याच शेजारी बसले. त्या दिवशी मला धुराच्या बाजूला बसवलंस.

मग मी हट्टाला पेटले. रोज दोनदा दीपगृहापर्यंत चालत जायचे. सातूचा भात, समुद्री शेवाळ, मुळा. तुझ्या मुलाच्या लग्नात सगळे उकडलेल्या डुकराच्या मांसावर तुटून पडले होते आणि मी मुळा चघळत होते. तेव्हा तू म्हणालीस, "नवरीपेक्षा हिचंच डाएट जोरात आहे." तेही मी गिळलं. सुगीच्या सणापर्यंत, म्हणजे ऑक्टोबरातल्या चुसोकपर्यंत, नऊ किलो उतरले. जुना सूट अंगात गेला. मार्चमध्ये कमरपट्ट्यात वाढवलेल्या चार शिशांपैकी तीन मी काढली, तू स्वतः मोजलीस आणि म्हणालीस, "ये आता खोल पाण्यात." त्या रात्री आनंदाने मला झोप लागली नाही. नंतर महिनाभर वारा आणि संत्र्यांची कामं, त्यामुळे उतरायचा मुहूर्त निघाला तो थेट आठ तारखेला.

आठ तारखेचं तुला माहीतच आहे. मी झरकन खाली गेले, मला बरंही वाटलं. वर यायला पाय मारले तर अंग हलेना. तू आलीस, पट्टा सोडलास, मला केसांना धरून वर आणलंस. आणि खडकावर सगळ्यांदेखत कानाखाली वाजवलीस.

"वजन उतरलं की शिसं उतरवायचं, हे पंधरा वर्षांच्या पोरीला कळतं. तुला का कळलं नाही?"

माझं नाव पाण्यात उतरणाऱ्यांच्या यादीतून खोडलंस. उत्तर आत्ता देते.

मला माहीत नव्हतं, दुशिम. सणानंतर मी चालणं सोडलं होतं. पोटभर भात खात होते, बाजारात गेले की शेवया खात होते, संत्री तर मोजलीच नाहीत. वजनाचा काटा कपाटाखाली सरकवला होता. बायका म्हणायच्या, "काय छान बारीक झालीस गं," आणि मी मूर्ख, खूश व्हायचे. विजारीला नाडी बांधायला लागली तरी वाटलं, कामाने होत असेल. आठ तारखेला संध्याकाळी काटा काढला. आणखी सहा किलो गेले होते. आधीचे नऊ मी घालवले. हे सहा मी घालवलेले नाहीत.

आता मला कशाचा राग येतो ते सांगते. कानाखालीचा नाही. गेल्या हिवाळ्यात शहरात सहा वेळा सलाईन घ्यायला गेले, तू एकदाही आली नाहीस. लापशी पाठवायचीस, दुसऱ्यांच्या हाती. तुझी बहीण त्याच इस्पितळाच्या इमारतीत वारली आणि तुला ते जिने चढवत नाहीत, हे मला ठाऊक आहे. मी सगळ्यांपुढे तुझी बाजू घेतली, घरी येऊन भांडी आपटली. पाण्यात एकटीने उतरायचं नाही, हे पोरींना ओरडून शिकवतेस ना? मी सहाही वेळा एकटी गेले.

वजनाचं कळवलं, तर इस्पितळाने एकोणीस तारखेला तपासणीला बोलावलं आहे. सकाळी सातची बस आहे. नवऱ्याला सांगितलेलं नाही, पोरांना नाही. यादीतलं नाव खोडलेलं राहू दे, त्यावर नंतर भांडू. पण त्या दिवशी तू थांब्यावर नसलीस, तर मी चढेन आणि मागे बघणार नाही. जिने नाही चढलीस तरी चालेल, खाली बाकावर बस. नुसती बस. मला फार भीती वाटते आहे.

तुझ्यावर अजून चिडलेली, आणि दुसरं कुणी नसलेली,
मालसून