उघड्या डोळ्यांचा येशू

बाबा, मी डोळे आखले. तुम्ही असता तर आधी माझा हात बघितला असता आणि मग विचारलं असतं, कोणाचे. गणपतीचे नाहीत. येशूचे. गव्हाणीत गवतावर निजवलेल्या हातभर येशूचे.

मी आता अमेरिकेत एका लहान गावात आहे, हायवेलगतच्या एका गुजराती शेठच्या मोटेलात. आपल्या पेणच्या रामवाडीला हायवेवर लॉज असतात तसंच हे, फक्त इथं गाडी थेट खोलीच्या दाराशी येते. रोह्याच्या कंपनीत मी दोन वर्षं टिकलो, आखातात तीन, मग बोटीवर. एका जागी बसणं माझ्या अंगात नाही, हे तुम्ही फार आधी ओळखलं होतं. इथं बिछाने लावतो, काउंटरवर उभा राहतो, आणि नळ गळला की एक म्हातारा येतो त्याच्या हाताखाली पाना धरतो. तुम्ही गेलात त्या वयाचा आहे. जेवायला बसला की डोळे मिटून प्रार्थना करतो आणि शेजारी असेल त्याचा हात धरतो. पहिल्या दिवशी त्यानं माझ्यापुढं हात केला तेव्हा मला वाटलं पाना मागतोय, मी पाना दिला. प्रार्थना संपेपर्यंत तो पाना धरून बसला आणि मग आमेन म्हणून इतका हसला की त्याला ठसका लागला. दारू नाही, शिवी नाही, रविवारी कामाला हात लावत नाही. इथं प्रत्येक खोलीत टेबलाच्या खणात बायबल असतं, ते पुसून मी नीट परत ठेवतो का, यावर त्याची नजर असते. मला म्हणतो, तुम्ही लोक मूर्ती पुजता, आमच्यात ते पाप. पण माझ्या ताटात पहिली पोळी वाढावी तसा पहिला पाव मलाच देतो.

दर डिसेंबरला इथल्या कोर्टापुढच्या हिरवळीवर येशूच्या जन्माचा देखावा मांडायचे. आईबाप, मेंढपाळ, गाढव आणि मधे बाळ. याच्या बापाच्या वेळेपासूनची रीत. मागच्या साली कोणीतरी अर्ज केला, की सरकारी जागेत एकाच धर्माचा देखावा नको. सभा झाली. म्हातारा कोट घालून गेला, उभं राहून बोलला, आणि हरला. मूर्ती चर्चच्या मागच्या खोलीत जाऊन पडल्या. त्या आठवड्यात नळाखाली आडवा पडून तो बोलत होता, माझ्याशी म्हणजे नळाशीच. "शाळेतली प्रार्थना गेली. कोर्टापुढचा येशू गेला. आता माझ्याच घरातलं लग्न गेलं."

त्याची मुलगी दूरच्या शहरात एका माणसाबरोबर लग्नाशिवाय राहते. दोघं नाताळला येऊ म्हणत होती. यानं सांगितलं, माझ्या छपराखाली लग्नाशिवाय एका खोलीत कोणी निजणार नाही. ती म्हणाली, मग येतच नाही. दोन वर्षं आली नव्हती. मी विचारलं, एवढं काय आहे त्यात. मला वाटलं आता ओरडेल. तो पाना खाली ठेवून म्हणाला, "नियम मी केलेला असता तर मोडलाही असता. तो माझा नाहीच."

बाबा, मी तिथंच बादली धरून उभा राहिलो. हे मी पेणला, आपल्या ओटीवर ऐकलंय. ताईनं रोह्याजवळच्या वरसेच्या, दुसऱ्या जातीतल्या मुलाशी रजिस्टर लग्न केलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मी घातली काय ही रीत?" आणि तिचं नाव घरात घ्यायचं नाही असं सांगून आपल्या गणपतीच्या कारखान्यात निघून गेलात.

यंदा चर्चवाल्यांनी देखावा आपल्याच अंगणात मांडायचा ठरवला, तर मूर्तींचा रंग उडालेला. म्हाताऱ्यानं शेठला विचारलं, तुझ्याकडं कामाला असलेला हा पोरगा मूर्तींच्या गावचा ना? मी म्हटलं, मूर्ती पाप ना? "ही सजावट आहे," तो म्हणाला. मग आमची पण दीड दिवसाची सजावटच की, असं मी म्हटल्यावर त्यानं टोपीनं मला मारलं.

मेंढपाळ, गाढव, आईचा झगा, सगळं मी सरसर केलं. तेवढं मला येतंच. पितांबराच्या पुढं तुम्ही मला कधी सरकू दिलं नाहीत. एकदाच चोरून डोळ्याला ब्रश लावला होता आणि काळी रेघ गालावर उतरली होती. "डोळा आखायला बूड टेकावं लागतं. ऊठ." एवढंच बोललात. त्या दिवशी उठलो तो अजून कुठं बसलोच नाही. पण त्या बाळापुढं बसलो. दोन दिवस बसलो. तुमच्यासारखा श्वास धरला. आधी वरची काळी रेघ, मग पांढरा, मग बुबुळ, शेवटी उजेडाचा ठिपका. नजर अशी, की वाकून बघणाऱ्याच्या नजरेला भिडावी.

चर्चच्या बायका बघायला आल्या. एकीनं हळूच सांगितलं, बाळ झोपलेलं होतं. पूर्वी त्याचे डोळे मिटलेले होते. पापणीचा फुगवटा मला दिसला होता हो बाबा, पण पेणच्या माणसाला झोपलेला देव सुचत नाही. मी ओशाळलो, पुसतो म्हणालो. म्हातारा पुढं झाला, वाकला, एकदा डावीकडून बघितलं, एकदा उजवीकडून. बाळ त्याच्याकडंच बघत होतं. "राहू दे," तो म्हणाला. "जागं आहे तर असू दे."

दुसऱ्या दिवशी तो काउंटरवर आला, टोपी काढली आणि गिऱ्हाइकासारखा उभा राहिला. नाताळचे तीन दिवस एक खोली पाहिजे, मुलीला. मी सवयीनं विचारलं, एक पलंग की दोन? त्यानं बाहेर गाड्यांकडं बघितलं. "ते मला सांगू नकोस," म्हणाला. मग त्या खोलीत गेला आणि न गळणारा नळ पुन्हा घट्ट करून आला. मुलगी आली. तिन्ही दिवस बापाकडं जेवली, निजायला इथं आली. नियमही राहिला आणि मुलगीही.

तुमचंही असंच होतं. ताईच्या लग्नानंतरच्या साली वरसेहून तिच्या नवऱ्याच्या नावाची, गणपतीची मूर्ती सांगणारी चिठ्ठी आली. कारखान्यात आखणीला चार माणसं होती, पण ती मूर्ती तुम्ही उचललीत. सकाळी कोणी यायच्या आत, अंघोळ करून, दाराकडं पाठ करून बसलात. मग मूर्तीच्या तोंडावर रुमाल बांधून ती माझ्या हातात दिलीत. "कोणी आखली ते सांगू नको." मी रोह्याच्या गाडीत मूर्ती मांडीवर घेऊन गेलो. ताईनं उंबऱ्यावर रुमाल सोडला आणि हातातलं ताम्हन खाली ठेवलं. "बाबांनी आखले ना रे?" मी म्हटलं, नाय गो, नवीन कारागीर आलाय. तिनं मूर्तीचे डोळे पुन्हा वाकून बघितले. मग म्हणाली, "व्हय. नव्याचाच हात दिसतो."

सहा वर्षं तुम्ही आखलीत, सहा वर्षं मी नेली, सहा वर्षं ती रुमाल सोडून माझ्या तोंडाकडं बघायची. तुम्ही गेलात तेव्हा ती आली, पडवीच्या टोकाला पाहुण्यासारखी बसली. बायका चहा फिरवत होत्या. मला जवळ बोलावून म्हणाली, "आता तरी सांग. एकदा तरी बाबांनी आखले होते ना?" आता मला अडवायला तुम्ही नव्हतात. आणि मी म्हटलं, नाय.

पहिलं खोटं तुमचं होतं बाबा, दुसरं माझं. तुमच्या शब्दासाठी मी गप्प बसलो असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. तसं नव्हतं. माझ्या हातात तुम्ही कधी डोळ्यांचा ब्रश दिला नाहीत, आणि जिचं नाव घ्यायचं नव्हतं तिच्यासाठी मात्र पहाटे अंघोळ करून बसायचात. तेवढी एकच गोष्ट फक्त मला ठाऊक होती. ती मला तिला द्यायची नव्हती.

हे पत्र मी बायबलाच्या खणात ठेवतोय. ते तुम्हाला लिहिलंय, कारण जिला लिहायला पाहिजे तिचं नाव वर घालून बघितलं, तीनदा, आणि पुढं हात चालला नाही.