आता मी हात हलवणार नाही

मी, गुदरुन हाउगे, वय एकाहत्तर, पूर्वीची शिंपीण, राहणार ओद्दा, हार्दांगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मी रागावलेली आहे, पण राग म्हणजे वेड नव्हे. त्या सबबीवर हा कागद कोणी रद्द करू नये. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. नवरा आर्न्फिन हयात असून शेजारच्या खोलीत गेल्या सहलीच्या चित्रणाला संगीत जोडत बसला आहे.

कलम १. ओद्द्याचे घर आम्हा दोघांचे. माझ्या हिश्श्यातले कायदा आर्न्फिनला जे देतो ते त्याला मिळावे. त्याहून जास्त एक चमचाही नाही.

कलम २. डोंगरावरचे लाकडी घर वडिलांनी मला एकटीला दिले. ते चुलीसकट, होडीसकट धाकटी बहीण बोर्गहिल्ड हिला द्यावे. नंतर वाद नको म्हणून कारण लिहिते. बोर्गहिल्डकडेही कॅमेरा आहे. कुठे गेलो की ती एक-दोन फोटो काढते, कॅमेरा पिशवीत टाकते आणि म्हणते, "झालं. आता कॉफी ओत, ताई." मग आम्ही पोटभर पाणी बघतो. मी कॅमेऱ्याची वैरीण नाही, हे यावरून कळावे.

कलम ३. चित्रफिती. कपाटभर आहेत. प्रत्येकीत मी कुठल्यातरी पुलावर नाहीतर बोटीवर उभी राहून हात हलवते आहे. "गुदरुन, मागे सरक. हां, हलव हात! छे, ऊन गेलं, परत चालत ये." देवमासा वर आला तेव्हा मी परत चालत येत होते.

लग्न झाले त्या वर्षी आमच्याकडे कॅमेरा नव्हता. फ्योर्डच्या, म्हणजे आमच्या डोंगरांमधल्या खाडीच्या, मधोमध त्याने वल्ही वर घेतली आणि चेरीची बी कोण लांब थुंकतो याची पैज लावली. तो हरला, आणि इतका हसला की होडी डुचमळली. तो माणूस या कपाटात कुठेच नाही. तो कायम कॅमेऱ्यामागे.

या सगळ्या फिती त्याच्याच. एक सोडून. तिच्याबद्दल पुढे.

कलम ४. गेल्या ऑगस्टमध्ये धबधब्याखाली शेवाळावरून माझा पाय घसरला. मांडीचे हाड मोडले. कंबरेपर्यंत पाण्यात, बर्चच्या झाडाच्या मुळाला धरून मी ओरडले, "हात दे, आर्न्फिन!"

"देतो, देतो! आधी इकडे वर बघ!"

मला एका अनोळखी जर्मन माणसाने ओढून काढले.

हिवाळ्यात त्याच्या हौशी चित्रपट मंडळात त्याने ते चित्रण दाखवले. मी कुबड्या घेऊन तिथेच बसले होते. मागून कोणीतरी म्हणाले, "बाई पडल्या मात्र झकास!" टाळ्या झाल्या. आर्न्फिन उठून वाकला.

गाडीत मी विचारले, "हात का दिला नाहीस?"

"अगं, दिलाच असता. तो जर्मन मधे आला. आणि बघ ना, आता कायमचं राहिलं ते!"

"काय राहिलं कायमचं? मी बुडत होते ते?"

"तुला ना, प्रत्येक गोष्टीला गालबोट लावायचं असतं."

ती फीत बोर्गहिल्डने चुलीत घालावी. प्रत निघाल्यास तीही.

कलम ५. माझ्या अंत्यविधीचे चित्रण कोणीही करू नये. आर्न्फिनने पहिल्या बाकावर रिकाम्या हातांनी बसावे. रडू आले तर रडावे. नाही आले तरी तिथेच बसावे.

कलम ६. हे आजच का लिहिले. उद्या मी बोर्गहिल्डबरोबर किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या बोटीने उत्तरेला निघते आहे. मांडीत खिळे आहेत, समुद्राचा भरवसा नाही, म्हणून कागद पक्का केला. आर्न्फिनला आज जेवताना सांगितले. तो घास टाकून उठला आणि बॅटऱ्या शोधू लागला.

"किती वाजता निघायचं?"

"तू येत नाहीयेस."

त्याने हातातली बॅटरी खाली ठेवली. मला वाटले, आता विचारेल, का म्हणून.

"मग चित्रण कोण करणार?" तो म्हणाला.

गुदरुन हाउगे (सही)
ओद्दा, ३ मे २००४

बाईंनी वरील सर्व मजकूर आम्हा दोघींना वाचून दाखवला. आवाज चढला, पण कुठे अडखळल्या नाहीत. सही आमच्या डोळ्यांसमोर केली. आम्हाला यातून काही मिळणार नाही.

बेरित सोल्हाइम, शेजारीण (सही)
तूरिद ओपेदाल, ग्रंथपाल (सही)