उंबऱ्याचा दगड

प्रिय मोंधर,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, नोटीस. खाली तुझी झोकदार सही आणि वर ‘घरमालक यांस’. उंबऱ्याला बसवलेला रोमन दगड पंधरा दिवसांत पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात द्यावा, म्हणे. ज्या घरात रांगलास त्याचा मालक कोण, हे ट्युनिसला जाऊन विसरलास का रे? मी ती नोटीस गल्लीत वाचून दाखवली. आपले हम्मादीकाका गवंडी म्हणाले, “मग माझी भिंत ने म्हणावं, मशिदीचे खांब ने. या गावात रोमन नाही असं काय आहे? आम्हीच तेवढे!” सगळे खूप हसले. हसणं तुझ्यावर होतं, हे वेगळं सांगत नाही.

त्या दगडावरच्या अक्षरांच्या खाचांत बदाम ठेवून आपण फोडायचो. आपली आई, उम्मी, नवरी होऊन आली तेव्हा त्याच्यावरच शकुनाचं अंडं फोडून तिनं पाऊल आत टाकलं. पुढं साठ वर्षं त्याच्यावर बसून ती रव्याचं कुसकुस वळत होती, मिरच्यांची देठं काढत होती. तुझ्या यादीत मात्र तो ‘वापरात नसलेला अवशेष’. वा रे विद्वान! एवढं शिकून हेच कळलं तुला.

तीन वर्षांपूर्वी परदेशी पाहुण्यांना घेऊन आलास, ते मी विसरलेले नाही. गुडघे टेकून स्वतःच्या रुमालानं दगड पुसलास. कधीकाळी मेलेल्या कुण्या रोमन बाईचं नाव अक्षरांवरून बोट फिरवत दोनदा वाचलंस. आणि दारात उभ्या उम्मीला म्हणालास, “बाई, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय.” बाई! पाहुण्यांनी विचारलं, या कोण? तर “इथंच राहतात.” तिच्या हनुवटीवरच्या गोंदणाची तुला लाज वाटली. संध्याकाळी ती शेजारणींना सांगत होती, माझा मोंधर फ्रेंच काय फाडफाड बोलतो! तिला काही कळलं नाही असं वाटलं असेल तुला. दुसऱ्या दिवसापासून ती ओढणी हनुवटीवर घ्यायला लागली, घरातसुद्धा, माझ्यासमोरसुद्धा. तेव्हा तुझी जी किळस आली, ती अजून गेलेली नाही.

आता नोटिशीचं उत्तर. गेल्या महिन्यात तुझ्या ऑफिसात मी तीनदा फोन केला. साहेब पाहुण्यांबरोबर आहेत, निरोप देतो, असं तिन्ही वेळा ऐकलं. निरोप पोचला नसेल असं धरून लिहिते. उम्मी गेली. सकाळी गेली, दुपारच्या नमाजानंतर दफन केली. आपल्यात थांबत नाहीत हे तुला आठवत असेल. दगड तिनंच मागून घेतला होता. हम्मादीकाकांनी तो उंबऱ्यातून काढला, अक्षरं मातीकडे करून तिच्या कबरीवर बसवला आणि वरच्या बाजूला पाखरांच्या पाण्यासाठी वाटीएवढा खळगा कोरला. मी रोज भरते. तुला हवा असेल तर शुक्रवारी ये, सगळं गाव कबरस्तानात असतं. मजूर आणू नकोस. पहार मी देते. आईच्या अंगावरून दगड तू तुझ्या हातानं उचल.

तुझी, अजून तरी, बहीण
मबरूका