बाटलीत राहिलेलं पाणी

गुरुजी, सकाळचे साडेआठ वाजले की धरमपेठेतल्या या गॅलरीत मी अजूनही आभाळाकडे पाहतो. मौद्याकडच्या आपल्या शाळेमागचं ते पर्जन्यमापक डोळ्यांपुढे येतं. काम बिनपगारी, पण वीस वर्षं तुम्ही रोज याच वेळी त्यातली बाटली काढायचात, पाणी काचेच्या मापात ओतून आकडा लिहायचात, बाटली रिकामी करून परत ठेवायचात. उन्हाळ्यातही, नुसतं शून्य लिहायला. काकू म्हणायच्या, "मले ताप आला तं यायले पत्ता नसते, त्या डब्याची नाडी मात्र रोज पाहतेत!"

मी तुमचाच विद्यार्थी, तुमच्याच शाळेत नुकता मास्तर झालेलो. पुतणीच्या लग्नाला जाताना तीन दिवसांसाठी तुम्ही ते काम माझ्यावर सोपवलंत. पहिल्या दिवशी मोजलं. मग झड लागली, आणि मी खाटेवर पडून पाठ्यपुस्तकातल्या पावसाच्या कविता गुणगुणत राहिलो. आकडा अंदाजाने लिहिला. महिनाअखेर होती, हवामान खात्याच्या कार्यालयाला जाणारा तक्ताही टपालात टाकून दिला.

तिसऱ्या दुपारी तुम्ही येता ते पिशवीसकट थेट शाळेमागे. झाकण काढता. पहाटेपासून उघडीप, तरी बाटलीत पाणी.

"काहून गा, मोजलं तं हे सांडलं काहून नाही?"

"आजचंच राहिलं, गुरुजी."

"अन् तक्त्यात काय लिहिलं? कविता? नाही पाहिलं तं रेघ मारायची. रेघेची काय लाज? आता तूच हापिसात चिठ्ठी लिह."

ती चिठ्ठी मी लिहिली नाही. तुम्हीही पुन्हा कधी विचारलं नाही.

पुढे शहरात, सदरमध्ये, त्या खात्याने तुमचा सत्कार केला. साहेब शाल घालून म्हणाले, वीस वर्षांत यांचा एकही दिवस चुकला नाही. तुम्ही माइकशी गेलात. "चुकला साहेब. एक आकडा खोटा हाये. तारीख सांगतो, खोडून घ्या." कोणी चुकवला, साहेबांनी विचारलं. "माप माह्या हवाली होतं, तं चूकबी माहीच." टाळ्या वाजल्या. मी तिसऱ्या रांगेत चपलांकडे पाहत बसलो. परतीच्या एसटीत ती नवी शाल तुम्ही माझ्या गुडघ्यांवर टाकलीत, "गारठून राहिला का गा?"

तुम्ही गेलात; आता ही चिठ्ठी कोणत्या पत्त्यावर टाकू? वहीतच राहील. पण गुरुजी, तुम्ही एकच तारीख सांगितलीत. तिच्या आदल्या दिवशीही मी खाटेवरून उठलो नव्हतो; तो आकडाही अंदाजाचाच.