पाचशेवा माणूस

१८ ऑगस्ट

बायकोला, पार्बताला, बाजेवर घालून फाट्यापर्यंत नेलं! चार किलोमीटर चिखल. गोठ्यात घसरली, खुब्याचं हाड मोडलं. अॅम्ब्युलन्सवाला फोनवर म्हणाला— "आत गाडी फसते, तुमीच घेऊन या." वाटेत बाज बघून एक बाई हात जोडून बाजूला उभी राहिली. पार्बता ओरडली— "जित्ती आहो मी अजून!" हसावं की रडावं, कळेना.

२६ ऑगस्ट

ऑपरेशन झालं. आता दोन-तीन महिने अकोटलाच, योगेशकडे. तो म्हणतो— "बाबा, तुमीबी चाला. त्या चिखलात काय ठेवलं?" पोरगा बरोबर बोलतो. घर बंद करायला आजच्या दिवस गावी आलो. शेतातला झेंडू बटईनं, अर्ध्या वाट्यावर, देऊन टाकतो आणि निघतो.

२७ ऑगस्ट

सरपंच पंजाबराव घरी आले. दहा वर्षांत या माणसानं माझ्या ओट्यावर पाय ठेवला नव्हता! म्हणे, गाव पाचशेचं भरलं तरच पक्का रस्ता मिळतो. साहेब मोजायला येणार आहेत. पार्बता अकोटला गेली, आता गावात मोजून पाचशे डोकी. "तुमी गेले त चारशे नव्याण्णव, वामनभाऊ. कुठी जाऊ नोका."

म्हणजे पाचशेवा मी? मीच कसा? शेवटी ज्याला मोजलं तो ना! पण बाकी कोणी चाललं नाही, मीच चाललो होतो.

राहिलो.

४ सप्टेंबर

गावाला एकाएकी माझा पुळका आला आहे. सकाळी कोणी भाकर आणून देतं, दुपारी कोणी ताक. नुसता खोकलो तरी तिघं विचारतात. काल नाल्यावर गेलो तर मागून हाक— "भाऊ, पाय जपून!" खोटं कशाला लिहू, बरं वाटतं.

पार्बताचा रोज फोन— "कवा येता?" मोजणी झाली की येतो म्हणतो. "मोजणी कवा?" ते कोणालाच माहीत नाही.

१२ सप्टेंबर

साहेब आले नाहीत.

१९ सप्टेंबर

आजही नाहीत. सून वर्षाली सांगत होती— "बाबा, आई वॉकर धरून उभ्याच राहत नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून असतात. तुमी आले त उठतीन." डॉक्टरांनी बजावलंय, आता चालली नाही तर कायमची पडून राहील.

एक दिवस जाऊन येतो म्हटलं तर पंजाबराव— "त्याच दिवशी साहेब टपकले त?" काय करू? रस्ता असता तर पार्बता बाजेवर गेली नसती, हे खरं. आणि पुढच्या पावसाळ्यात दुसरं कोणी बाजेवर गेलं तर गाव माझंच नाव घेईल. पण ती तिकडे पडली आहे! मी कोणाचा आहे, गावाचा की तिचा? डोकं चालत नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

झेंडू डोक्यावरून फाट्यावर आणि तिथून एसटीनं अकोटला गेला. मी इथंच.

फोनवर पार्बतानं सोयाबीनचं विचारलं, गाईचं विचारलं. कवा येता, ते विचारलं नाही. फोन ठेवल्यावर लक्षात आलं. परत लावला, तर वर्षाली म्हणाली, झोपल्या.

७ ऑक्टोबर

साहेब आले! अख्खं गाव देवळापुढे. मी धुतलेलं धोतर नेसून सगळ्यांच्या पुढे. साहेबांनी रस्ता मोजला, फोटो काढले, कागद पिशवीत घालायला लागले. मी विचारलं— माणसं कधी मोजता?

हसले. "माणसं नाही मोजत, काका. जुन्या जनगणनेचा आकडा धरतात. तेव्हा तुमचं गाव सहाशे बाराचं होतं. नियमात बसतं."

"मग मी?"

"तुम्ही असा, नसा. काही फरक पडत नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पेढे आले. माझ्यापर्यंत पोचेस्तोवर संपले.

८ ऑक्टोबर, फाट्यावर

एसटीची वाट बघतोय. पार्बताला फोन लावला. म्हटलं, निघालो, दुपारपर्यंत पोचतो.

ती म्हणाली— "आता कायले?"